खाल्ल्या मिठाचे मत

दिवाळी अंकाचा मजकूर गणपतीतच मागून घ्यायची संपादक मंडळींची एक जुनी खोड आहे. त्यामुळे वाचक हे सदर चकली मोडता मोडता वाचत असले, तरी आम्ही ते लिहितो तेव्हा घरात उकडीच्या मोदकांचा वास दरवळत असतो. यंदाचा विषय तर त्या मोदकांच्या पंक्तीतच निघाला. काढला आमच्या शेजारच्या अण्णांनी.

अण्णांनी चाळीस वर्षे लोखंडी सामानाचे दुकान चालवले. खिळे, बिजागऱ्या, कड्याकोयंडे यांच्या सहवासात त्यांचा स्वभावही थोडा टोकदार झाला आहे. विक्रीकर, मग व्हॅट, मग जीएसटी, अशा तीन पिढ्यांच्या कचेऱ्यांच्या पायऱ्या त्यांनी झिजवल्या; त्यामुळे सरकारी नोकर म्हटला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. आता माझी तीस वर्षे सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात गेली आणि आमची सूनबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, ही गोष्ट अण्णा जाणून आहेत. पण आमच्या घरचा मोदक खाताना तिचा अडसर त्यांना कधी वाटलेला नाही.

"नाना," दुसऱ्या मोदकाची कळी मोडीत अण्णा म्हणाले, "सरकारच्या तिजोरीतून ज्याला पगार मिळतो, त्याचा मताचा हक्क काढून घेतला पाहिजे. नोकरीत असेपर्यंत मत नाही. सुटला की दे खुशाल."

"का हो?"

"का म्हणजे? माझ्या दुकानातले गडी दर पाच वर्षांनी मालक निवडायला लागले, आणि जो पगार वाढवीन म्हणेल त्यालाच गल्ल्यावर बसवू लागले, तर दुकान किती दिवस चालेल?"

वाचकहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मी तो नेण्याचा प्रयत्न केला, पण अण्णा वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. त्यांनी दाखले काढले. २०२२ साली हिमाचल प्रदेशाच्या निवडणुकीत जुन्या पेन्शनचे वचन गाजले आणि सत्ता पालटली. २०२५ मध्ये दिल्ली विधानसभेचे मतदान ५ फेब्रुवारीला होते. दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरांची वस्ती दाट. आणि आठव्या वेतन आयोगाची घोषणा झाली ती १६ जानेवारीला. "मुहूर्त पाहा!" अण्णा म्हणाले. मुहूर्त पाहण्याजोगा होता खरा.

शिवाय एक दाखला अण्णांना ठाऊक नव्हता, तो मी पंक्तीत मुद्दामच सांगितला नाही, इथे सांगतो. आपल्या विधान परिषदेत ७८ जागा आहेत. त्यांतल्या ७ फक्त शिक्षकांनी निवडायच्या आणि ७ पदवीधरांनी. म्हणजे माध्यमिक शाळेतल्या पदवीधर मास्तरांना विधानसभेला एक मत, पदवीधर म्हणून एक आणि मास्तर म्हणून आणखी एक! आमची सूनबाई प्राथमिक शाळेत असल्यामुळे तिला यांतले मास्तरकीचे मत नाही. पण अण्णांच्या हाती हे कोलीत दिले असते, तर त्या दिवशी आरतीला उशीर झाला असता.

मी नेहमीचे उत्तर दिले. पोटाकडे पाहून मत कोण देत नाही? शेतकरी कर्जमाफीकडे पाहतो, व्यापारी कराच्या दराकडे पाहतो. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार रुपये बहिणींच्या खात्यात पडू लागले, तेव्हा मतदान तीनेक महिन्यांवरच होते. मग त्या बहिणींचेही मत काढायचे का? अण्णा म्हणाले, "त्या राज्य चालवीत नाहीत, नाना. तुमची माणसं चालवतात." यावर माझ्याकडे चटकन उत्तर नव्हते. मी वाढप्याकडे तूप मागितले.

उत्तर मला रात्री सुचले. आमच्यासारख्या माणसांची उत्तरे नेहमी रात्रीच सुचतात.

अण्णांनी सुचवलेला प्रयोग जगात एकदा होऊन गेला आहे, आणि तोही साक्षात ब्रिटिश पार्लमेंटात. १७८२ साली त्यांनी कायदाच केला की जकात, अबकारी आणि टपाल या खात्यांतल्या नोकरांनी पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देता कामा नये. कारण काय, तर या नोकरांच्या मतांवर मंत्री आपल्या माणसांना निवडून आणीत. बंदरांच्या गावी मतदार मूठभर आणि त्यांत जकातीचे नोकर बरेच, अशी स्थिती असे. पण बारकाईने पाहिले म्हणजे दिसते की तक्रार नोकरांच्या हावरेपणाची नव्हती. तक्रार होती ती मंत्र्यांच्या दांडगाईची. त्या काळी तिकडे मत द्यायचे ते चारचौघांत, उमेदवाराचे नाव तोंडाने उच्चारून. ते वहीत लिहून घेतले जाई. आपला जकात कारकून कोणाचे नाव घेतो हे साहेबाला त्याच दिवशी कळे, आणि कारकुनाला दुसऱ्या दिवशी साहेबासमोर उभे राहायचे असे. ज्याच्यावर दडपण येते त्याचेच तोंड बांधायचे, असा हा उपाय. तो ८६ वर्षे चालला. १८६८ साली त्या नोकरांना मत परत मिळाले आणि १८७२ साली गुप्त मतदान आले. पोलिसांना मात्र १८८७ पर्यंत थांबावे लागले. रोग साहेबाचा होता, त्यावर औषध गुप्त पेटीचे होते, आणि मधली ८६ वर्षे कडू काढा नोकराला पाजला.

आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासून गुप्त पेटी आहे आणि सरकारी नोकराला मतही आहे. पण मताखेरीज दुसरे काय आहे, हे अण्णांसारख्या माणसांच्या ध्यानात येत नाही. अण्णा निवडणुकीत उमेदवाराबरोबर फिरतात, दुकानाच्या फळीवर फलक लावतात, सभेत खुर्चीवर उभे राहून घोषणा देतात. सरकारी नोकराला यातले काहीही चालत नाही. त्याने पक्षाचे सभासद होऊ नये, प्रचार करू नये. आपल्या अंगावर, गाडीवर किंवा घरावर निवडणुकीचे चिन्ह लावले, तरी ते वजन खर्च केल्यासारखे धरले जाते. उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मतदान केंद्रावर किंवा मोजणीला बसला, तर कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. मत मात्र त्याने द्यावे, असे नियम सांगतो, आणि लगेच पुढे बजावतो की ते कोणाला देणार किंवा कोणाला दिले याची कुणालाही चाहूल लागू देऊ नये.

एखाद्या बायकोला 'तू घरात बोलायचे नाहीस, पण मनात काय वाटायचे ते वाटू दे' असे सांगावे, तसला हा प्रकार. (सौ. हे वाचणार आहेत. हा दाखला फक्त समजुतीसाठी आहे.) माझे म्हणणे इतकेच की बोलण्याचे बाकी सारे दरवाजे बंद करून एक खिडकी ठेवली आहे. अण्णा ती खिडकीही बुजवा म्हणतात.

ती खिडकी काय कामाची असते, ते मी एकदा पाहिले आहे.

१९७७ चा मार्च महिना. आणीबाणी पुरती उठलेली नव्हती, पण निवडणूक जाहीर झाली होती. मी तेव्हा एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ कारकून होतो. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही. आदल्या वर्षी नसबंदीच्या कामाने आम्हां सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. मास्तरांना, ग्रामसेवकांना, कारकुनांना 'केसेस' आणण्याचे आकडे नेमून दिलेले होते, आणि आकडा भरला नाही की पगाराचे काय होईल याची धास्ती होती. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकसुद्धा मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झाले नाही. त्या काळी आम्ही कारकून मंडळी चहाच्या टपरीवर हवापाण्यावर बोलत असू. हवा आणि पाणी एवढेच दोन विषय बिनधोक उरले होते.

मतदानाच्या आधी चार दिवस आमच्या साहेबांनी एकेकाला खोलीत बोलावले. माझी पाळी आली. साहेब खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "काय, मग तुमच्या घरची मतं कुणीकडे?"

माझे वय सत्तावीस. लग्नाला दोन वर्षे झालेली, पदरी मूल. पाय लटपटत होते. पण आमच्या हेडक्लार्कांनी आदल्या दिवशीच सर्वांना पढवून ठेवले होते. मी म्हणालो, "साहेब, नियमाप्रमाणे सांगता येत नाही."

साहेबांनी वळून माझ्याकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. जा." माझ्यामागून गेलेल्या सातही जणांनी तेच उत्तर दिले, आणि साहेब प्रत्येकाला 'बरोबर आहे' म्हणाले. जो नियम आमचे तोंड बांधण्यासाठी केलेला, त्याच्याच आड आम्ही आठ जण उभे राहिलो. निकाल लागला त्या दिवशी दुपारी कचेरीत पेढ्यांचा पुडा फिरला. कुणी आणला ते शिपायाने सांगितले नाही. साहेबांनीही एक पेढा उचलला. त्यांच्या वरूनही कुणी त्यांना तोच प्रश्न विचारला असावा, ही गोष्ट माझ्या ध्यानात यायला पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली.

त्या वेळी आम्हां आठ जणांना मतच नसते तर? साहेबांना विचारण्याचे कारण उरले नसते, हे खरे. पण आमच्याकडे झाकून ठेवण्यासारखेही काही उरले नसते. ज्याच्याकडे झाकण्याजोगे काही नाही, त्याचा धाक कुणाला वाटत नाही.

असो. रात्री सुचलेली ही उत्तरे दुसऱ्या दिवशी आरतीनंतर मी अण्णांना ऐकवली. अण्णांनी इंग्लंडचे ऐकून घेतले, १९७७ चेही ऐकून घेतले आणि खिरापतीचा बकाणा भरून म्हणाले, "ते आणीबाणीचं झालं. आता तशी वेळ आहे का? आता तुमची माणसं मत देतात ती पेन्शनला."

हा वार माझ्या घरावरच होता. मी जुन्या पेन्शनीचा धनी आहे. दरमहा बँकेत जातो आणि पुस्तक भरून घेतो. सूनबाई नोकरीला लागली २००९ साली, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना ती पेन्शन नाही. २०२३ च्या मार्चमध्ये १४ तारखेपासून आठवडाभर राज्यातल्या सरकारी नोकरांचा संप झाला, त्यात ती होती. तेव्हा एकाच घरात, एकाच ताटात, सासऱ्याच्या म्हातारपणाची सोय आणि सुनेच्या म्हातारपणाची काळजी जेवायला बसतात. मला यात स्वार्थ नाही असे म्हणालो, तर गणपतीसमोर खोटे बोलल्यासारखे होईल.

मी गप्प बसलो. बोलली ती सूनबाई. हातातले तबक तिने खाली ठेवले.

"अण्णाकाका, तुमची इच्छा माझ्यापुरती पुरी झालेली आहे. मे २०२४ मध्ये माझं मत झालंच नाही."

"काहीतरीच काय? तुझ्या बोटाची शाई मी पाहिली होती. दोन बोटांना होती!"

आम्ही सर्वांनीच पाहिली होती. आणि त्या शाईची हकीकत आम्ही सर्वांनीच त्या दिवशी प्रथम ऐकली.

२० मे २०२४ ला आमच्याकडे लोकसभेचे मतदान होते. सूनबाईची नेमणूक दोन नंबरची मतदान अधिकारी म्हणून शेजारच्या मतदारसंघात झाली. आपल्याच मतदारसंघात काम असले, तर निवडणूक कर्तव्याचे प्रमाणपत्र मिळते आणि जिथे काम तिथेच यंत्रावर मत देता येते. बाहेर काम असले की टपाली मतपत्रिका. त्यासाठी नमुना १२ भरून द्यायचा. पूर्वी ही मतपत्रिका घरी नेऊन टपालाने पाठवता येई; २०२३ च्या नियमबदलापासून ती प्रशिक्षणाच्या ठिकाणच्या सुविधा केंद्रातच भरून पेटीत टाकावी लागते. या बदलात शहाणपण आहे. घरी नेलेल्या मतपत्रिकेवर कुणाकुणाची नजर पडेल याचा नेम नसतो.

तिने पहिल्या प्रशिक्षणाला नमुना १२ भरून दिला. दुसऱ्या प्रशिक्षणाला सुविधा केंद्राच्या रांगेत सव्वा तास उभी राहिली. यादीत तिचे नाव नव्हते. यादीचा भाग क्रमांक जुना लिहिला गेला होता, मतदारयादी मधल्या काळात नवी झाली होती. 'मुख्य केंद्रावर या' म्हणाले. कधी? ज्या दिवशी यायला सांगितले, त्याच दिवशी तिला यंत्रे ताब्यात घेण्यासाठी दुसऱ्या गावी हजर राहायचे होते. कुणी हिडीसफिडीस केले नाही, कुणी लाच मागितली नाही. सगळे सभ्यपणे झाले आणि मत बुडाले.

आदल्या रात्री ती परक्या शाळेच्या वर्गात बाकांवर झोपली. पहाटे साडेपाचला उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चाचणी मतदान घेतले. सातला दार उघडले. दोन नंबरच्या अधिकाऱ्याचे काम म्हणजे नोंदवहीत सही घ्यायची आणि डाव्या तर्जनीला शाई लावायची. १९६२ पासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यातून येणारी ती शाई. संध्याकाळी सहापर्यंत तिने साडेसहाशे बोटांना ती लावली. काडी पकडून पकडून तिचा स्वतःचा अंगठा आणि तर्जनी दोन्ही जांभळ्या झाल्या. रात्री एकला यंत्रे जमा करून ती घरी आली. सकाळी अण्णा जिन्यात भेटले, तिच्या बोटांकडे पाहून "शाब्बास, हक्क बजावलास!" म्हणाले. ती हसली आणि आंघोळीला गेली.

"सांगितलं का नाहीस?" मी विचारले.

"काय सांगणार, बाबा? साडेसहाशे लोकांचं करून दिलं, स्वतःचं जमलं नाही, हे सांगायला लाज वाटली."

त्या निवडणुकीत मतदार सुमारे ९७ कोटी होते, मतदान केंद्रे साडेदहा लाख, आणि केंद्रांवरचे कर्मचारी व बंदोबस्ताची माणसे मिळून दीड कोटी, असा निवडणूक आयोगाचा आकडा होता. हे दीड कोटी लोक इतरांचे मत पार पाडण्यासाठी आपले घर सोडून जातात, आणि त्यांचे स्वतःचे मत अर्जाच्या एका रकान्यावर अडते. अण्णांना कायदा करण्याची गरजच काय? एक भाग क्रमांक चुकला की काम होते.

एवढ्याने काय बिघडले, असे म्हणणाऱ्याने ४ जून २०२४ ची वायव्य मुंबईची मोजणी आठवावी. यंत्रांवरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते: ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. टपाली मते रवींद्र वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ पडली. वायकर ४८ मतांनी निवडून आले. टपाली मते केवळ सरकारी नोकरांची नसतात. त्यांत सैनिक असतात, घरून मत देणारे वृद्ध आणि अपंग असतात. पण नऊ लाखांवर मतांच्या लढतीचा निर्णय या लहान गठ्ठ्याने केला. ४८ चा आकडा वाचताना माझ्या डोळ्यांसमोर त्या पेटीत न पडलेल्या मतपत्रिका येतात. त्या कुणाला जाणार होत्या ते मला ठाऊक नाही, आणि कुणालाच कळू नये, यातच त्यांची किंमत आहे.

माझी एक तक्रार आहे, ती अण्णांच्या बाजूची नाही आणि सरकारच्याही बाजूची नाही. टपाली मते आधी मोजायला घेतात आणि वेगळी जाहीर होतात. सकाळी साडेआठला वाहिन्यांवरचे पंडित 'नोकरवर्गाचा कल' सांगू लागतात. गर्दीत लपण्यासाठी दिलेले मत असे वेगळ्या वाटीत काढून दाखवणे मला बरे वाटत नाही. यंत्रांच्या मतांत ते मिसळून टाकता आले, तर १९७७ च्या माझ्या साहेबांसारख्या माणसांची झोप अधिक शांत होईल.

सूनबाईने मात्र धडा घेतला. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला पहिल्याच प्रशिक्षणाला ती मतदारयादीचे पान छापून, आपल्या नावाखाली लाल रेघ मारून घेऊन गेली. दुसऱ्या प्रशिक्षणाला सुविधा केंद्रात जाऊन मत देऊन आली. त्या वेळी तिचे बोट कोरे होते.

हे ऐकून अण्णा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्यातला दुकानदार जागा झाला.

"मग दिलंस तरी कुणाला? पेन्शनवाल्यालाच ना?"

"नियमाप्रमाणे सांगता येत नाही, अण्णाकाका."

माझ्या हातातली खिरापत सांडायची राहिली. १९७७ ची गोष्ट मी तिला कधी सांगितली असेन तर आठवत नाही. आदल्याच दिवशी लिहिताना मोठ्याने पुटपुटत होतो, ते तिने ऐकले असावे.

"अगं, आम्हाला नको सांगूस. पण नवऱ्याला तरी सांगितलं असशील!"

"त्यांनाही नाही."

चिरंजीव कोपऱ्यात बसून फोनमध्ये पाहत होते. त्यांनी मान वर केली. "मला तू वेगळंच सांगितलं होतंस की."

सूनबाईने तबक उचलले आणि ती आत गेली.